फ्रेंच विशेषणं: नियम तोंडपाठ आहेत पण लिहिताना दर वेळी ई विसरते, काय करू?

निळी_शाई:
नमस्कार मंडळी. फ्रेंच शिकतेय, ए वन म्हणजे पहिली पातळी संपली, आता ए टू चालू आहे. बाकी गाडी बरी चाललीये पण अ‍ॅडजेक्टिव्ह अ‍ॅग्रीमेंटने जीव नकोसा केलाय. नियम विचारा ना, झोपेतून उठवून विचारा, धडाधड सांगेन. नाम स्त्रीलिंगी असेल तर विशेषणाला ई, अनेकवचनी असेल तर एस, दोन्ही असेल तर ई आणि एस. झालं. पण दहा ओळींचा परिच्छेद लिहायला घेतला की निम्म्या ठिकाणी ई गायब, आणि जिथे नको तिथे बरोबर लावलेला! वही परत येते तेव्हा लालेलाल असते. बोलताना तर विचारूच नका, मी वाक्याच्या मध्येच थांबून मनात आठवते की हे नाम ल (पुल्लिंगी) आहे का ला (स्त्रीलिंगी), तोवर समोरचा माणूस माझं वाक्य स्वतःच पूर्ण करतो.

आणि काही शब्द तर ई लावून भागतच नाहीत. ब्लाँचं (पांढरा) ब्लाँश कुठून झालं? बोचं (सुंदर) बेल? व्हियोचं (जुना) व्हियेय? याला काही डोकंबिकं आहे की नुसतं घोकायचं? कुणी यातून पार पडलं असेल तर प्लीज सांगा, मला तक्ता नकोय, तक्ते माझ्याकडे चार आहेत.

दीडशहाणा:
फ्रेंचमध्ये पती म्हणजे छोटा आणि त्याला त लावला की पतीत. एवढं लक्षात ठेवा, बाकी आयुष्य सोपं आहे.

खडूफळा:
दीडशहाणा, हसले मी, पण तुम्ही गंमतीत जे बोललात तेच खरं उत्तर आहे.

निळी_शाई, मी बरीच वर्षं फ्रेंच शिकवते आणि हा प्रश्न दर बॅचला येतो. आधी एक सांगू का, तुम्हाला अ‍ॅग्रीमेंट येतं. बोलायला लागल्यापासून करताय तुम्ही ते. पांढरा कागद, पांढरी चादर, पांढरं मांजर, पांढऱ्या भिंती, पांढरी फुलं, वर परत पांढऱ्या कागदावर. तीन लिंगं, दोन वचनं आणि सामान्यरूप वेगळंच. इतकं सगळं एक सेकंदही न थांबता करणाऱ्या माणसाला फ्रेंचची चार रूपं जड जायचं कारण नाही. आणि ती चार रूपंसुद्धा कागदावर, बोलण्यात बहुतेक वेळा दोन किंवा एकच.

मग अडतं कुठे? अडतं ते पुस्तक उलट्या टोकाने शिकवतं म्हणून. पुस्तक म्हणतं पुल्लिंगी रूप घ्या, त्याला ई जोडा. हा झाला डोळ्यांचा नियम, आणि तुमचं मराठी अ‍ॅग्रीमेंट आहे कानात. आता कानाने ऐका. ग्राँद, ग्राँ. पतीत, पती. व्हेर्त, व्हेर. शोद, शो. फ्रवाद, फ्रवा. ब्लाँश, ब्लाँ. ग्रोस, ग्रो. दूस, दू. फ्रेश, फ्रे. सेर्‍योझ, सेर्‍यो. काय दिसलं? स्त्रीलिंगी रूप पूर्ण आहे आणि पुल्लिंगी रूप म्हणजे त्याचं शेवटचं व्यंजन गिळलेलं! ग्राँला द लावायचा की त लावायचा हे ग्राँकडे बघून कळणारच नाही, पण ग्राँदमधला द काढायला कसली अक्कल लागते? म्हणून शब्द पाठ करताना स्त्रीलिंगी आधी पाठ करा, मग शेपटी कापा. ही माझी शोधाशोध नाही हं, लेनर्ड ब्लूमफील्ड नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1933 मध्येच दाखवलंय की फ्रेंच विशेषणांचं वर्णन स्त्रीलिंगीकडून पुल्लिंगीकडे केलं तर एक वजाबाकी करून काम होतं, उलट दिशेने गेलं तर प्रत्येक शब्दाला कुठलं व्यंजन जोडायचं ते वेगळं सांगत बसावं लागतं.

त्यामुळे तुमचं ब्लाँश हे काही विचित्र प्रकरण नाही, ब्लाँशमधला श गेला की ब्लाँ. स्पेलिंगमध्ये तिथे सी दिसतो आणि स्त्रीलिंगीत सीएच येतो म्हणून डोळ्याला विचित्र वाटतं एवढंच.

आणि बोलताना ज्यांच्यात काहीच फरक पडत नाही त्यांची काळजी बोलताना करूच नका. झोली (सुंदर), ब्लो (निळा), नवार (काळा), शेर (महाग), हे दोन्हीकडे सारखेच ऐकू येतात. अनेकवचनाचा एस तर बहुतेक वेळा मुकाच. ते सगळं नंतर, लिहून झाल्यावर, दुसऱ्या वाचनात बघायचं.

निळी_शाई:
अरे देवा. हे कुणी आधी का नाही सांगितलं? मी आत्ता बसून माझ्या यादीतले वीस-पंचवीस शब्द असे उलटे म्हणून बघितले आणि खरंच बसतंय. पण बोन आणि बों (चांगली, चांगला)? तिथे न नुसता जात नाहीये, स्वर पण नाकात जातोय. आणि बो-बेलचं काय?

खडूफळा:
बरोबर पकडलंत. शेवटी न असला की तो जाता जाता स्वराला नाकात ढकलून जातो. बोन, बों. तो न पूर्ण जात नाही असं समजा, स्वरात विरघळतो.

बो-बेल, नूव्हो-नूव्हेल, व्हियो-व्हियेय, या टोळीत फू आणि मू पण आहेत, फॉल आणि मॉल. यांना पुल्लिंगीत दोन रूपं असतात. पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की पुल्लिंगी असूनसुद्धा बेल म्हणायचं, लिहिताना मात्र शेवटी एकच एल. अं बेल ऑम, देखणा पुरुष. अं व्हियेय आर्ब्र, जुनं झाड. म्हणजे कानाला ते स्त्रीलिंगीच वाटतं पण नाम पुल्लिंगीच आहे.

हेच साध्या विशेषणांतही होतं. पती एकटा असला की त मुका, पण पुढे स्वर आला की तो त परत उगवतो. पतीतामी. आता गंमत बघा, बॉयफ्रेंड लिहिलं काय न् गर्लफ्रेंड लिहिलं काय, दोन्ही पतीतामीच ऐकू येतं! समोरच्याने आधी अं (एक, पुल्लिंगी) म्हटलंय का यून (एक, स्त्रीलिंगी), मों (माझा) म्हटलंय का मा (माझी), एवढ्यावरून ओळखायचं, आणि नुसतं आमी म्हणजे मित्र-मैत्रीण असेल तर मों-मा वरूनही नाही, कारण स्त्रीलिंगी आमीच्या आधी पण मों येतं.

तक्तेवाला:
खडूफळा मॅडमशी मी निम्मा सहमत. कानाने शिका वगैरे ठीक आहे हो, पण परीक्षेत पेपर लिहायचा असतो आणि पेपर तपासणाऱ्याला तुमचा कान दिसत नाही. तक्त्याला एवढं वाईट बोलू नका, तक्ता वापरायची पद्धत चुकते. मी पण आधी सगळा तक्ता सरसकट पाठ करायला गेलो आणि आपटलो. नंतर फक्त तेच घेतले जिथे वजाबाकीने काम होत नाही. आक्तीफ आहे, त्याचं आक्तीव्ह, इथे काही गळत नाही, फ चा व्ह होतो. स्पोर्तीफ, नाईफ सगळे तसेच. मग अनेकवचनात एएल वाले, नास्योनाल, सोस्याल, त्यांचं पुल्लिंगी अनेकवचन ओ होतं, नास्योनो, सोस्यो, आणि हे ऐकूही येतं. पण बानाल, फाताल, नाव्हाल यांना गुपचूप एस लावायचा. आणि ब्लोला एक्स नाही, एसच. ही यादी एका पानावर मावते, ती मात्र घोकावीच लागते, इथे कान कामाचा नाही.

रंगांचं प्रकरण तर स्वतंत्र आहे. निळी_शाई, तुमच्या नावाला शोभेल म्हणून सांगतो, यून रॉब ब्लो, म्हणजे निळा ड्रेस, लिहिताना ब्लोला ई लागतो, पण फिक्कट निळा म्हणायचं झालं, ब्लो क्लेर, की दोन्ही शब्द दगड होतात, ई नाही एस नाही काही नाही. गडद हिरव्याचंही तेच. आणि ओराँझ आणि मारों हे मुळात फळांची नावं, संत्रं आणि चेस्टनट, त्यामुळे ते कुणापुढे वाकत नाहीत. रोझ आणि मोव्ह पण खरं तर वस्तूंचीच नावं, गुलाब आणि एका जातीचं फूल, पण ते मात्र एस घेतात. का? ते इतके रुळले की लोक त्यांना विशेषणच समजायला लागले.

शब्दखोर:
मध्येच तोंड घालतो. तक्तेवाला, हे मराठीत पण आहे की. काळा काळी काळं बदलतो, हिरवा निळा पिवळा बदलतात, पण गुलाबी, केशरी, बदामी, मोरपंखी बदलून दाखवा बरं. गुलाबी कागद, गुलाबी चादर, गुलाबी फुलं. वस्तूच्या नावावरून केलेला रंग आपल्याकडेही हलत नाही. (आपल्याकडे तो शेवटच्या ई मुळे हलत नाही म्हणा, लाल पण हलत नाहीच, पण लक्षात ठेवायला ही जोडी झकास आहे.)

निळी_शाई:
मोरपंखी!! आता हे मी मरेपर्यंत विसरत नाही.

बरं, हिंमत करून माझा कालचा परिच्छेद टाकते, माझ्या खोलीवर लिहायचा होता. हसू नका. देवनागरीत टाकतेय, जिथे उच्चारातून कळत नाही तिथे स्पेलिंग सांगते.

मा शाँब्र ए पती मे क्लेर (क्लेरला ई नाही लावला). ले म्यूर सों ब्लाँश. झे यून ताब्ल रों ए दो शेझ मारों (मारोंला एस लावला). झ स्वी त्रे कोंताँ दाँ मा शाँब्र.

म्हणजे माझी खोली लहान पण उजेडाची आहे, भिंती पांढऱ्या आहेत, एक गोल टेबल आणि दोन तपकिरी खुर्च्या आहेत, मी माझ्या खोलीत खूप खूश असते. किती चुका आहेत?

खडूफळा:
एकूण सहा विशेषणं, सहाही चुकली. थांबा, रागवू नका, या सहा चुका एकसारख्या नाहीत आणि तेच महत्त्वाचं आहे.

शाँब्र स्त्रीलिंगी, म्हणून पतीत, आणि क्लेरला ई. क्लेर ऐकायला सारखंच, तिथे चूक फक्त कागदावर. पती मात्र कानाला टोचायला हवं होतं, तुम्ही मराठीत खोली लहाना म्हणाल का? (हो, लहान हलत नाही, वाईट उदाहरण दिलं. खोली मोठा म्हणाल का?) ताब्ल पण स्त्रीलिंगी, म्हणून रोंद. मारोंचा एस काढा, मोरपंखी आठवा.

आता सगळ्यात मजेशीर चूक, ब्लाँश. तिथे तुम्ही स्त्रीलिंगी लावलंत आणि तेच चुकलं, कारण म्यूर पुल्लिंगी आहे. पण तुम्ही ते स्त्रीलिंगी का केलंत माहितीये? भिंत. पांढरी भिंत, पांढऱ्या भिंती. तुम्ही मनात मराठी वाक्य म्हटलंत आणि त्याचं लिंग तसंच इकडे आणलंत. म्हणजे यंत्र बरोबर चालतंय, फक्त माल चुकीच्या गोदामातून आला. खुर्ची आणि शेझ दोन्ही स्त्रीलिंगी, नदी आणि रिव्हियेर, खिडकी आणि फनेत्र, गाडी आणि व्वात्यूर, तिथे तुम्ही वाचता. पण हात पुल्लिंगी आणि मँ स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि ल्यून स्त्रीलिंगी, तिथे पडता. आणि आपली नपुंसकलिंगी नामं तर कुठेही जाऊ शकतात, घर गेलं स्त्रीलिंगीत, झाड गेलं पुल्लिंगीत, पाणी स्त्रीलिंगीत, पुस्तक पुल्लिंगीत.

यावर माझा एकच उपाय आहे. नाम कधीही एकटं शिकू नका. ला किंवा ल लावून शिका असं सगळेच सांगतात, पण ते पुरत नाही, कारण आवाज स्वराने सुरू होणारा असला की नुसतं ल् उरतं आणि लिंग कळत नाही. लो म्हणजे पाणी, सांगा बरं काय लिंग? म्हणून मी मुलांना नामाला एक असं विशेषण बांधून देते ज्याचं लिंग ऐकू येतं. लो फ्रवाद, गार पाणी. ला मँ द्रवात, उजवा हात. ल म्यूर ब्लाँ. ला ताब्ल रोंद. ही जोडी एका श्वासात म्हणायची, दहादा, अर्थाचा विचार न करता, गाण्यासारखी. मग लिहिताना म्यूर आठवलं की मागोमाग ब्लाँ येतो, ब्लाँश येतच नाही.

सहावी चूक कोंताँ. ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते कारण ती तुमच्याबद्दल आहे. मराठीत तुम्ही मी दमले म्हणता ना? मग झ स्वी कोंताँत. इथे नामाचं लिंग शोधायला डिक्शनरी पण लागत नाही.

निळी_शाई:
सहापैकी सहा. असो, भिंतीचं वाचून खरंच हसले, मी अगदी भिंतच म्हटली होती मनात.

पण एक बेसिक शंका. टेबल स्त्रीलिंगी का? भिंत पुल्लिंगी का? त्यांना त्यात बाईपण पुरुषपण काय दिसतं?

शब्दखोर:
त्यांना काही दिसत नाही हो. तुम्हाला दारात आणि दरवाजात काय फरक दिसतो? वस्तू एकच, दार उघडं आहे, दरवाजा उघडा आहे. लिंग शब्दाला असतं, वस्तूला नाही. फ्रेंचमध्ये सायकलला व्हेलो म्हणा, पुल्लिंगी, बिसिक्लेत म्हणा, स्त्रीलिंगी, सायकल तीच.

माणसांच्या बाबतीत पण तेच. पेर्सॉन हा शब्द कायम स्त्रीलिंगी, समोर सहा फुटी दाढीवाला असला तरी. विशेषण स्त्रीलिंगीच लावायचं. विचित्र वाटतं? आपण पण ती व्यक्ती चांगली आहे म्हणतो, पुरुषाबद्दल बोलतानासुद्धा, आणि कुणालाच काही वाटत नाही.

रात्रपाळी:
धागा मस्त चाललाय म्हणून विचारतो. ग्राँद स्त्रीलिंगी आहे तर आजीला ग्राँ-मेर का म्हणतात, ग्राँद-मेर का नाही? मला वाटायचं माझ्या पुस्तकातली छपाईची चूक आहे.

आणि दुसरं, मुलगा आणि मुलगी दोघं मिळून असतील तर पुल्लिंगी लावायचं हे बरोबर ना? शंभर मुली आणि एक मुलगा असला तरी?

शब्दखोर:
चूक नाही, जीवाश्म आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ग्राँला दोन्ही लिंगांत एकच रूप होतं, कारण ज्या लॅटिन विशेषणापासून तो आला त्याच्यात पुल्लिंगी-स्त्रीलिंगी वेगळं नव्हतंच. ग्राँद नंतर बाकीच्यांची बघून तयार झालं. पण ग्राँ-मेर, ग्राँ-र्‍यू म्हणजे गावातला मुख्य रस्ता, असे काही जोडशब्द जुन्या रूपातच अडकून राहिले. पुढे लोकांना वाटलं इथला ई गळलाय म्हणून मध्ये अ‍ॅपॉस्ट्रॉफी टाकायला लागले, जो मुळात गळलाच नव्हता! फ्रेंच अकादमीने 1932 च्या डिक्शनरीत तो काढून जोडरेघ दिली.

दुसऱ्याचं उत्तर, हो, नियम तोच आहे, मिश्र असेल तर पुल्लिंगी अनेकवचन. पण त्यावर तिकडे चांगलाच वाद आहे. पूर्वी जवळच्या नामाप्रमाणे विशेषण लावायची पद्धतही चालायची. नोव्हेंबर 2017 मध्ये फ्रान्समधल्या 314 शिक्षकांनी सही करून जाहीर केलं की पुल्लिंगी वरचढ ठरतं हा नियम आम्ही यापुढे शिकवणार नाही.

तक्तेवाला:
परीक्षेत मात्र पुल्लिंगीच लिहा. क्रांती पास झाल्यावर करा.

खडूफळा:
तक्तेवाला, हे खरंय.

जाता जाता निळी_शाईसाठी अजून एक, कारण पुढच्या महिन्यात तुमच्या वहीत ही चूक येणार हे मला आत्ताच दिसतंय. से, म्हणजे 'हे आहे', लावून वाक्य केलं की विशेषण पुल्लिंगी एकवचनीच राहतं, नाम काहीही असो. ला मेर, से बो. समुद्र स्त्रीलिंगी आहे तरी बेल नाही. हे आपल्या छान वाटतं, बरं झालं, चांगलं आहे सारखं समजा, आपण तिथे नपुंसकलिंगी टाकतो, त्यांच्याकडे ते नाही म्हणून ते पुल्लिंगीवर भागवतात. आणि क्रियेबद्दल बोलत असाल तर विशेषण मुळीच हलत नाही, सेत रॉब कूत शेर, हा ड्रेस महाग पडतो, इथे शेरला ई नाही, कारण महाग ड्रेस नाहीये, किंमत महाग पडतेय.

निळी_शाई:
चार दिवसांनी परत आलेय. रोज झोपायच्या आधी दहा जोड्या म्हणतेय, ला मँ द्रवात, ला मँ द्रवात, घरच्यांना वाटतंय मंत्र म्हणतेय. नवीन परिच्छेदात अकरा विशेषणं होती, दोन चुकली, आणि दोन्ही ऐकू न येणारी! म्हणजे बोलताना एकही चूक नसती.

पण एक नवीन भानगड. सरांना मेल लिहायचा होता, व्हू वापरलं, आपल्या तुम्हीसारखं, आणि विशेषणाला एस लावला कारण तुम्ही मोठे आहात म्हणतो ना आपण, मोठा आहात नाही. तर तो एस लाल झाला.

खडूफळा:
वा, ही चूक मराठी माणूसच करू शकतो, आणि तो आदराने करतो म्हणून मला आवडते. आपल्याकडे आदरार्थी अनेकवचन क्रियापदापासून विशेषणापर्यंत सगळीकडे पसरतं, बाबा उंच आणि गोरे आहेत. फ्रेंचमध्ये आदर क्रियापदापाशी थांबतो. व्हू झेत हे अनेकवचनी, पण पुढचं विशेषण खरी माणसं मोजतं. एकच माणूस असेल तर एकवचन. एएल वाल्या शब्दात ऐकू येतं बघा, एका सरांना व्हू झेत झेनियाल, दोन-तीन सरांना व्हू झेत झेनियो.

निळी_शाई:
समजलं. मग हे बघा बरोबर आहे का. खडूफळा, व्हू झेत त्रे झाँतीय. दोन एल, शेवटी ई, एस नाही. ई लावलाय कारण पहिल्याच उत्तरात तुम्ही शिकवते असं लिहिलं होतंत.

खडूफळा:
बरोबर.

दीडशहाणा:
आणि मी? मला पण लिहा की काहीतरी.

निळी_शाई:
तुम्हाला झाँती. शेपटी कापून.